बाहेर ठेवलेली वस्तू

वाचनालयाच्या दाराशी असलेली ती पाटी पेंटरकाकांनीच रंगवलेली. ‘पाळीव प्राण्यांना आत प्रवेश नाही.’ खाली एक काळा कुत्रा आणि त्याच्या अंगावरून गेलेली लाल फुली. बत्तीस वर्षांपूर्वीचं काम. तेव्हा काकांना कुत्र्यांशी काही देणंघेणं नव्हतं. सेक्रेटरींनी सांगितलं, यांनी रंगवलं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण काकांचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा, त्यामुळे बागेच्या फाटकावरची पाटी त्यांची, दवाखान्यातली त्यांची, पोस्टातली त्यांची आणि बेकरीच्या काचेवरचीही त्यांचीच. एकट्या माणसाने ब्रश हातात घेऊन शहरभरच्या कुत्र्यांना दाराबाहेर काढलं म्हणा ना. आणि मग उतारवयात त्यांच्याच पदरात कुत्रा आला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला इतकी मेहनत दुसऱ्या कोणी घेतली नसेल.

कुत्रा लेकीचा. जावयाच्या नोकरीपायी ती परदेशी निघाली, तेव्हा साखळी बापाच्या हातात देऊन म्हणाली, “बाबा, दोन महिने सांभाळा. कागदपत्रं झाली की घेऊन जाते.” काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. काकांनी कुत्र्याला त्याच्या मूळ नावाने एकदाही हाक मारली नाही. जो जाणारच आहे त्याला जीव कशाला लावायचा? ‘पाहुणा’ म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली. कागदपत्रांचं पुढे काय झालं हे काकांनी कधी विचारलं नाही, कारण विचारलं आणि झाली असली म्हणजे?

पाहुणा तपकिरी, मध्यम चणीचा, डावा कान मोडून खाली पडलेला. त्याच्यात नाव घेण्यासारखं काही नव्हतं. पण काकांनी त्याला चारचौघांत असं वागायला शिकवलं होतं, की तसं वागणं माणसांतही विरळाच. काकांनी स्वतःलाही नियम घातले होते: निघण्याआधी त्याला मोकळ्या जागी फिरवून आणायचं. साखळी हातभरच सोडायची. जिना असला तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. कोणी घाबरून बाजूला सरकलं तर आपणच रस्ता ओलांडायचा. काकांच्या खिशात कायम दोन जुने कागद, एक फडकं आणि पाण्याची छोटी बाटली. आणि एक वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नाही: “घाबरू नका हो, आमचा काही करत नाही.” ते म्हणत, “चावणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाने हे आधी म्हटलेलं असतं.”

पाटी दिसली की काका पाहुण्याला बाहेर बांधत. मग पाटी वाचायचीसुद्धा गरज नव्हती. अक्षराचं वळण लांबूनच ओळखीचं. बेकरीवाला म्हणायचा, “आणा की आत, गिऱ्हाईक नाहीये आत्ता.” काका म्हणायचे, “लिहिलंय ना तिथे.” कोणी लिहिलंय हे सांगायचे नाहीत.

सकाळी दहाला वाचनालय. शेजारच्या गल्लीत खिडकीखाली लोखंडी कठडा होता, तिथे पाहुण्याला बांधायचं आणि पुढच्या दाराने आत यायचं. काउंटरवर रजिस्टर. त्यात तीन रकाने: नाव, वेळ, बाहेर ठेवलेली वस्तू. पिशव्या चोरीला गेल्यावरून एकदा भांडण झालं होतं, तेव्हापासूनची ही पद्धत. लोक लिहीत: छत्री, पिशवी, हेल्मेट. पहिल्या दिवशी काकांनी बराच विचार केला. खोटं लिहायचं नव्हतं आणि रकाना रिकामा सोडायचा नव्हता. त्यांनी लिहिलं: ‘कुत्रा.’ काउंटरवरच्या बाई खूप हसल्या. तेव्हापासून रोज काका सही करायला वाकले की बाई विचारणार, “काय म्हणतोय पाहुणा?” आणि आपल्या चहाबरोबरचं एक बिस्किट कागदात गुंडाळून काकांच्या हातात ठेवणार. मग काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार. तिथून कठडा दिसायचा. पेपर समोर असायचा, पण अर्धं लक्ष खाली.

गेल्या दोन वर्षांत पाहुणा थकला. खालची फरशी हिवाळ्यात बर्फासारखी गार पडायची आणि त्याला एकदा बसलं की उठवेना. तेव्हा काकांनी वाचनालयाच्या कमिटीकडे अर्ज केला. ज्याने पाटी रंगवली त्यानेच ती काढा म्हणून अर्ज करावा, याची त्यांना लाज वाटली, पण केला. सोबत पानभर नियमही जोडले, पाटीवरच्यासारख्या सुबक अक्षरात. प्राणी खुर्चीखालीच बसेल. भुंकला तर मालकाने वाद न घालता उठून जावं. घाण झाली तर मालकाने स्वतः पुसावी, शिपायाला सांगू नये. कोणा वाचकाला भीती वाटत असेल तर त्याचा मान पहिला, कारण वाचनालय वाचणाऱ्याचं आहे. अर्ज बाईंनी फायलीत लावला. कमिटी सहा-सहा महिन्यांनी बसायची, चहा प्यायची आणि विषय पुढे ढकलायची.

एका सोमवारी सकाळी पाहुणा उठला नाही.

काका चहाचं आधण ठेवून त्याला दोनदा ‘चला’ म्हणाले. मग खाली बसले आणि त्याच्या मोडक्या कानाला हात लावला. प्राण्यांच्या डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गाडी पाठवली. दोन माणसं आली, चादरीत गुंडाळून त्याला घेऊन गेली. जाताना त्यांतल्या एकाने कागदावर सही मागितली आणि काकांनी ती केली. दार लावल्यावर लक्षात आलं की आधण आटून पातेलं करपलंय.

त्या दिवशी ते घरातच बसून राहिले. मंगळवारी मात्र घर खायला उठलं, म्हणून बाहेर पडले. रोजचाच रस्ता. कोपऱ्यावर ती निळ्या कोटातली बाई समोरून आली, जी रोज रस्त्यातच उकिडवी बसून पाहुण्याचे कान चोळायची आणि “आज जेवलास का रे?” म्हणायची. काका थांबले. तिला काय आणि कसं सांगायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागले. ती हातभर अंतरावरून निघून गेली. तिने काकांना टाळलं नव्हतं. ओळखलंच नव्हतं. नऊ वर्षं ती खाली बघून बोलत होती. वर साखळी धरणाऱ्याचं तोंड कसं आहे, हे बघायचं तिला कधी कारणच पडलं नव्हतं. पुढे रद्दीवाला, मग शाळेपाशी मुलांना सोडायला आलेले आईबाप, कोणी थांबलं नाही. काकांना वाटायचं, आपल्याला शहरात बरीच माणसं ओळखतात. त्या एका फर्लांगात ती सगळी ओळख गळून पडली. दुःख होतंच, पण त्याच्या बरोबरीने आता एक भीतीही आली.

वाचनालयात पोचले. रजिस्टर समोर आलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि तिसऱ्या रकान्यात हात आपोआप लिहून गेला: ‘कुत्रा.’

चूकच होती. नऊ वर्षांचं वळण, हात थोडाच विचारून लिहितो! काकांनी खोडायला पेन उचललं, तेवढ्यात बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, “काय म्हणतोय पाहुणा?”

सकाळपासून त्यांच्याशी कोणी बोललेलं हे पहिलं वाक्य. काका म्हणाले, “बरा आहे.”

आणि बाईंनी बिस्किट दिलं.

इथे कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाने असं खोटं बोलावं का? खुशाल म्हणा. ज्याला घरी गेल्यावर ‘आलात का?’ असं विचारणारं कोणीतरी आहे, त्याने जरूर म्हणावं. काकांनी बुधवारी ठरवलं होतं की आज सांगायचं. बुधवारी बाईंनी विचारलं, “थंडी वाढलीय, त्याला काही अंगावर घालता का?” आणि काका दहा मिनिटं सांगत बसले, की काकूंचा जुना स्वेटर कसा कापून शिवलाय, बाह्यांतून पुढचे पाय कसे घालतो. सगळं खरं होतं, फक्त मागच्या हिवाळ्याचं. गुरुवारपासून ते साखळी बरोबर नेऊ लागले. गल्लीत जाऊन कठड्याला बांधायची, शेवटाला रिकामा पट्टा. खोटं बोलायचं तर निदान साखळी तरी खरी असू दे. खिडकीतून तो पट्टा फरशीवर पडलेला दिसायचा. बिस्किट ते खायचे नाहीत. दुसऱ्याचा खाऊ. घरी जाऊन डब्यात टाकायचे.

लेकीचा फोन रविवारी यायचा, चेहरा दिसणारा. पहिलं वाक्य ठरलेलं: “बाबा, पाहुणा कुठाय? दाखवा ना.” मग मोबाईल खाली धरायचा, ती लाडाने काहीबाही बोलायची, पाहुणा काचेला नाक लावायचा आणि काका मोबाईल धरून उभे. शेवटी दोन मिनिटं, “तुम्ही कसे आहात? औषधं घेता ना?” पहिल्या रविवारी काका म्हणाले, झोपलाय. दुसऱ्या रविवारी शेजारच्या मुलांबरोबर खाली गेलाय. तिसऱ्या रविवारी म्हणाले, मोबाईलचा कॅमेरा बिघडलाय, आणि त्यावर अंगठा धरून बसले. अंधारात लेक म्हणाली, “बरं, मग त्याला माझा आवाज तरी ऐकवा.” काकांनी मोबाईल रिकाम्या चटईजवळ धरला. ती पाच मिनिटं बोलली. लेक फोन करते ती कुत्र्यासाठी, ही काकांची जुनी खात्री होती. कुत्रा नाही म्हटल्यावर रविवार कशाला येईल?

त्या तिसऱ्या रविवारच्या आधीचा सोमवार. काका सही करायला वाकले आणि बाईंनी रजिस्टरवर हातच ठेवला. चेहरा असा फुललेला, जणू लॉटरी लागलीय.

“काका, मंजूर!”

“काय मंजूर?”

“अहो, तुमचा अर्ज! शनिवारी मीटिंग झाली. मी म्हटलं, आज विषय पुढे ढकललात तर चहा मिळणार नाही. तुमचे नियम वाचून दाखवले मी सगळ्यांना. सेक्रेटरी म्हणाले, या नियमांनी माणसं वागली तरी पुष्कळ.” बाई हसत होत्या. “पुढच्या सोमवारपासून. आणि नवीन पाटी तुम्हीच करायची. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. काकांना ते कळत होतं. पण दोन वर्षं या बाई त्यांच्यासाठी कमिटीशी भांडत होत्या, आणि अर्ज तीन आठवडे आधी मंजूर झाला असता तर पाहुणा एखादा दिवस तरी गरम जागी बसला असता, हा विचार पुढे आला. त्यांनी खिशातलं फडकं काढून डोळे टिपले. आनंदाश्रू असतील असं समजून बाईंनी त्यांना पाणी दिलं.

शिपायाने जुनी पाटी उतरवून काखेत दिली. घरी काकांनी ती वर्तमानपत्रावर आडवी ठेवली. पॉलिश पेपरने घासली, पांढरा हात मारला, एक दिवस वाळू दिला. खडू लावलेली दोरी ताणून रेघा मारल्या. पाटी रंगवणारा माणूस डावीकडून लिहीत नाही. आधी मधलं अक्षर शोधतो आणि तिथून दोन्हीकडे मोजत जातो, म्हणजे ओळ झुकत नाही. हाताखाली काठी टेकवून एकेक अक्षर पुरं केलं. तरुणपणी तासाभरात उरकलं असतं, त्याला पाच दिवस लागले. मुद्दाम लावलेही असतील. पाटी वाळत नाही तोवर सोमवार येत नाही, अशी काही त्यांची समजूत झाली होती.

‘पाळीव प्राण्यांना मालकासोबत प्रवेश आहे. साखळी आखूड धरावी. इतरांचा मान राखावा.’ खाली पुन्हा कुत्रा काढायचा होता, या वेळी फुलीविना. काढून झाल्यावर काका मागे सरले आणि बघतात तो डावा कान मोडलेला. त्यांनी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला, कानापर्यंत नेला आणि न टेकवताच टर्पेंटाइनच्या बाटलीत ठेवला.

सोमवारी शिपायाने पाटी ठोकली. बाई दाराशीच उभ्या होत्या. “अगंबाई, हा तर पाहुणाच!” त्यांच्या हातात एक छोटी सतरंजी होती, नवी, घडीची सुरकुतीही न मोडलेली. “तुमच्या खुर्चीखाली अंथरायला. आणि आज मीच आणते त्याला आत. पाहुण्याला दारात तरी किती वर्षं उभं करायचं?”

“बाई, थांबा,” काका म्हणाले. पण त्या पायऱ्या उतरून गल्लीकडे वळल्यासुद्धा. काकांना धावता येत नव्हतं. ते कोपऱ्यावर पोचले तेव्हा बाई कठड्यापाशी उभ्या होत्या. साखळी नीट दोन वेढे देऊन बांधलेली. दुसऱ्या टोकाला पट्टा, आणि पट्ट्यात कोणी नाही. बाई गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघू लागल्या.

“सुटला वाटतं! काका, पट्ट्यातून मान काढून गेला हो! शिपायाला पाठवते, लांब नसेल गेला.”

“बाई, सुटला नाही,” काका म्हणाले. “गेला. आज तीन आठवडे झाले.”

बाईंना समजायला वेळ लागला. मग त्यांनी सतरंजी छातीशी धरली. “पण तुम्ही तर रोज...”

“पहिल्या दिवशी हात लिहून गेला. खोडणार होतो. तुम्ही विचारलंत, कसा आहे.” काका कठड्याकडे बघत बोलत होते. “दुसऱ्या कोणी काही विचारलं नव्हतं हो. रस्त्यात मला कोणी ओळखत नाही, बाई. म्हटलं, कुत्रा नाही असं कळलं तर तुम्हीपण... म्हणजे तुम्हाला तरी माझ्याशी काय बोलायचं असणार?”

 बाई रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. त्या वाकल्या, साखळीचे वेढे सोडवले, पट्टा फडक्याने पुसावा तसा पदराने पुसला आणि काकांच्या हातात दिला.

“तुमची बिस्किटं आहेत,” काका म्हणाले. “सतरा. एकही खाल्लं नाही. उद्या आणतो.”

तेव्हा मात्र बाईंचे डोळे भरून आले. “लेकीला कळवलंत?”

काकांनी मान हलवली. नाही.

“काका, आधी तिला सांगा. आत्ताच सांगा.”

आत येऊन काकांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि मागची पानं उलटायला लागले. “हे सगळं खोडून टाकतो.”

“रजिस्टरात खाडाखोड चालत नाही,” बाई म्हणाल्या आणि आजचं पान उघडून दिलं. काकांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्यात आडवी रेघ ओढली. बाईंनी ती बघितली आणि कधी नव्हे ते विचारलं, “तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?” 

काकांनी खिशातून मोबाईल काढला, आणि समोरच भिंतीवर पाटी: ‘मोबाईलवर बोलायचे असल्यास बाहेर जावे.’ तीही त्यांचीच. बाई म्हणाल्या, “बोला इथेच, कोणी काही म्हणणार नाही.” पण काकांनी मान हलवली, लिहिलंय ना तिथे, आणि ते पायऱ्या उतरून पुन्हा गल्लीत गेले. वारा बोचरा होता. ऊन समोरच्या भिंतीवरच अडत होतं, या बाजूला येत नव्हतं. पाहुणा बसायचा त्या जागी ते उभे राहिले. जोड्यांतूनसुद्धा फरशीचा गारवा वर चढत होता. इतकी गार असेल, हे खिडकीतून कधी कळलं नव्हतं.

सोमवारी, आपण होऊन, त्यांनी लेकीला पहिल्यांदाच फोन लावला. तिकडे किती वाजले असतील हेही लक्षात आलं नाही.

“बाबा?” तिचा आवाज घाबरलेला. “काय झालं? बरे आहात ना?”

“मी बरा आहे. पाहुणा गेला गं. तीन आठवडे झाले. मी तुला खोटं सांगितलं.”

 ती हळू आवाजात म्हणाली, “काल मी ज्याच्याशी बोलले...”

“चटई होती.”

ती रडायला लागली. काका थांबून राहिले. साखळी त्यांनी हाताला गुंडाळली होती, आखूड, हातभरच. कुत्र्यासाठी रडतेय की आपल्यासाठी, हे त्यांना ओळखता येईना, आणि विचारायचं होतं ते विचारल्यावाचून फोन ठेवताही येईना.

“अगं,” ते म्हणाले, “तरी रविवारी फोन करशील ना?”